नऊ माशांचा हिशोब

गिफ्ट काय द्यायचं हा प्रश्न आला की माझं डोकं चालेनासं होतं. क्रॉकरी सगळेच देतात, भिंतीवरची घड्याळं प्रत्येक घरात चार-चार पडलेली असतात आणि पाकीट देणं म्हणजे सरळसरळ हात झटकणं. त्यामुळे गेल्या वर्षी दादानं नांदगाव पेठला घर बांधलं आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरली, तेव्हा मी काहीतरी हटके द्यायचं ठरवलं. फिश टँक! दोन फुटी काचेची टाकी, वर निळा लाइट, आत प्लास्टिकचं हिरवंगार झाड, बुडबुडे सोडत उघडणारा खजिन्याचा पेटारा. आणि नऊ गोल्डफिश. आठ केशरी, एक काळा.

नऊच का? तर फेंगशुईवाले सांगतात म्हणून. आठ सोनेरी मासे घरात बरकत आणतात आणि नववा काळा मासा घरावरचं संकट स्वतःच्या अंगावर घेतो. मासा मेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही. गेली पीडा म्हणायचं आणि दुसरा आणून सोडायचा. (दुकानदारासाठी याहून सोयीचं शास्त्र दुसरं नसेल!) लाफिंग बुद्धा, तीन पायांचा बेडूक आणि लाल दोरीतली नाणी घरोघरी पोचली, त्याच गाडीतून हे नऊ मासेही आले. माझा यावर विश्वास वगैरे काही नाही. पण वहिनीच्या शेजारच्या काकूंचा होता, वहिनीला ते पटलं होतं, आणि गिफ्ट देताना कशाला वाद घाला?

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका पुरवणीच्या डेकोर पानासाठी मी 'डेस्कवरचा छोटासा समुद्र' असा तीनशे शब्दांचा मजकूर लिहिला होता. गोल काचेचा बाऊल घ्या, दोन गोल्डफिश सोडा, कॉम्प्युटरशेजारी ठेवा आणि स्ट्रेस पळवा, वगैरे वगैरे. गोड्या पाण्यातल्या माशाला समुद्र दाखवण्यापासून त्यात सगळंच चुकलेलं होतं. पण डेडलाइन होती आणि फोटो सॉलिड होता. तो वाचून कुणी खरंच बाऊल आणला का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गेल्या मे महिन्यात पडला.

अमरावतीहून नागपूरच्या दिशेनं निघालं की बारा-पंधरा किलोमीटरवर नांदगाव पेठ लागतं. टोलनाका, एमआयडीसी, टेक्स्टाइल पार्क आणि 1350 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र. दादा इथल्याच एका कारखान्यात शिफ्टला जातो. अक्षय्य तृतीया म्हणजे वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा भर. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, कूलरपुढची जागा सोडायला कुणी तयार नसतं. अशा दिवसांत मी अमरावतीच्या एका दुकानातून नऊ मासे दोन पिशव्यांत भरून घेतले. तरी दुकानदाराला विचारलं होतं, "दोन फुटात नऊ राहतील ना हो?"

"काहून नाही राहनार ताई? माह्या टाकीत पन्नास आहेत ना!"

त्याच्या टाकीत खरंच पन्नास होते. मी पैसे दिले.

वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं आधी मासे पाहिले आणि मग देवघर. दुसरीतली माझी भाची तर टाकीसमोरून हलेना. तिनं नऊच्या नऊ माशांना नावं ठेवली, खाऊ घालायची ड्यूटी स्वतःकडे घेतली आणि मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला परत आले. आत्या एकदम हिट!

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन. "ताई, एक मासा उलटा तरंगून राह्यला." काळा नव्हे, केशरी. पाचव्या दिवशी आणखी एक. दादानं दुकानदाराला विचारलं तर त्यानं निळ्या औषधाची बाटली दिली, पाण्यात थेंब टाका म्हणाला. टाकीचं पाणी शाईसारखं झालं. रविवारी दादा-वहिनीनं मोठ्या मायेनं सगळे मासे बादलीत काढले, टाकी, खडे, फिल्टरचा स्पंज सगळं भांड्याच्या साबणानं घासून लख्ख केलं, नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. सोमवारी तीन गेले. नऊ दिवसांत नऊचे चार उरले. त्या चारांत काळा होता, हे शेजारच्या काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही.

माझ्या दृष्टीनं तोवर हे फक्त एक फसलेलं गिफ्ट होतं. मग एका रात्री भाचीनं वहिनीचा फोन घेऊन हळूच विचारलं, "आत्या, मी जास्त खाऊ देल्ला म्हणून मेले का ते?" तिनं खाऊचा डबा दिवाणाखाली लपवून ठेवला होता. दोन दिवसांपासून उरलेल्या माशांना कुणी काही घातलंच नव्हतं. मी म्हटलं, नाही गं राणी, तसं काही नसतं. पण तसं असतं की नसतं हे मला माहीतच नव्हतं. पत्रकारितेची डिग्री घेतलेल्या बाईनं सात वर्षांच्या मुलीला चेक न करता उत्तर दिलं होतं. दुसऱ्यांदा त्याच विषयावर!

तेव्हा कुठे मी अभ्यासाला बसले. जे मी पिशव्या घेण्याआधी करायला हवं होतं ते.

टाकीत किती मासे मावतात, याचा सगळ्यात फेमस फंडा म्हणजे गॅलनमागे एक इंच. एक अमेरिकन गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. म्हणजे साधारण चार लिटर पाण्याला एक इंच मासा, तोंडापासून शेपूट सुरू होते तिथपर्यंत. दादाकडची टाकी दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट. दोन घनफूट म्हणजे 56 लिटर. पण आपण टाकी काठोकाठ भरत नाही, तळाला खडे असतात, पेटारा असतो. खरं पाणी 45 लिटरच्या आसपास. म्हणजे 12 गॅलन, म्हणजे 12 इंच मासे. मी आणलेले मासे दोन-दोन इंचांचे होते. नऊ दुणे अठरा. आणल्या दिवशीच दीडपट.

पण खरी गंमत पुढे आहे. हा 'इंच' दुकानातल्या पिल्लाचा मोजायचाच नसतो, पूर्ण वाढलेल्या माशाचा मोजायचा. आणि गोल गुबगुबीत फॅन्सी गोल्डफिश सहा ते आठ इंच सहज होतो. साधा लांबट गोल्डफिश तर फूटभरही जातो. नऊ सक चोपन्न. बारा इंचांच्या जागेत चोपन्न इंच! 'टाकी लहान असेल तर मासा तेवढाच वाढतो' हे तुम्हीही ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं. वाढ खुंटते हे खरं, पण ती घाण पाण्यानं आणि कोंडल्यामुळे खुंटते. माशानं समजूतदारपणे ठरवलेलं नसतं ते.

शिवाय इंचाचा नियम मुळातच लंगडा आहे. मासा लांबीनं दुप्पट झाला की तो रुंदीनं आणि उंचीनंही दुप्पट होतो, म्हणजे वजनानं आठपट. सहा इंचांचा एक मासा म्हणजे एक इंचाचे सहा मासे नव्हेत, दोनशेच्या वर झाले ते. हा नियम दोन इंचांपर्यंतच्या बारक्या माशांसाठी ठीक. त्यापुढे तो वापरणं म्हणजे मंगल कार्यालयात 'माणशी एक खुर्ची' म्हणून हत्तीलाही एकच खुर्ची देणं.

दुसरा, जुन्या लोकांचा नियम मला जास्त पटला. तो पाण्याची खोली बघत नाही, वरचा पृष्ठभाग बघतो. कारण पाण्यात हवा शिरते ती तिथूनच. आपली टाकी 24 इंच बाय 12 इंच, म्हणजे 288 चौरस इंच. गप्पी-टेट्रासारख्या उष्ण पाण्यातल्या माशांसाठी दर इंचाला 12 चौरस इंच धरतात, थंड पाण्यातल्या गोल्डफिशसाठी 30. म्हणजे एकाच टाकीत छोट्या माशांचे 24 इंच बसतात आणि गोल्डफिशचे जेमतेम साडेनऊ. मॉलमध्ये मिळणाऱ्या त्या उंच, खांबासारख्या टाक्या दिसतात भारी, पण उंची वाढवून पृष्ठभाग वाढत नाही. घेताना आडवी घ्या.

आणि फक्त गोल्डफिश पाळणाऱ्यांचा स्वतःचा हिशोब याहून कडक आहे. पहिल्या माशाला 75 लिटर, पुढच्या प्रत्येकाला 40 लिटर. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. 45 लिटर भागिले काहीही केलं तरी उत्तर बदललं नाही. मी दिलेल्या टाकीत गोल्डफिश किती मावतात? शून्य.

मग दुकानदाराचे पन्नास कसे जगतात? अमरावतीतले एक जुने हौशी मासेवाले काका मला फोनवर भेटले, त्यांनी एका वाक्यात समजावलं. "बेटा, नागपूरच्या एसटीत तू तीन तास उभी राहू शकतेस, म्हणून त्या एसटीत संसार थाटशील का?" दुकानातला मासा प्रवासी असतो. आठवड्यात विकला जातो. त्याला खाणं बेतानं मिळतं, मागे मोठे फिल्टर चालू असतात आणि जे मरतात ते सकाळी शटर उघडायच्या आत काढले जातात. गिऱ्हाईकाला पन्नास दिसतात, पंचावन्न कधीच दिसत नाहीत.

काकांकडूनच मला कळलं की आमचे मासे नुसते गर्दीनं गेले नाहीत. मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत तो तिथेच राहतो आणि माशालाच जाळतो. त्याला वाचवतात ते जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्या दिवशी त्यांची संख्या जवळपास शून्य. आणि मी त्यात पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले, म्हणजे ड्रेनेज जोडायच्या आधी बिल्डिंग भरली. जी काही थोडीफार वस्ती बसली असेल ती आधी निळ्या औषधानं मारली, उरलेली रविवारी साबणानं. लख्ख काच बघून वहिनीला जे समाधान वाटलं असेल, त्याच क्षणी टाकीतली एकमेव सफाई कामगारांची कॉलनी उठली होती. त्यात ताज्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. (स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा. आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. पूर्ण कधीच नाही.)

आणि वऱ्हाडातला उन्हाळा! पुण्या-मुंबईतल्या हिशोबात हे कलम नसतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. 30 अंशांना साडेसात, 35 ला सात. म्हणजे पाणी तापलं की हवा कमी. आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशाचं शरीर जोरात चालतं, त्याला हवा जास्त लागते. उत्पन्न कमी, खर्च जास्त. वर अमोनियाचं विष तापमानानं वाढतं आणि पाणी अल्कधर्मी असेल तर आणखीच. पीएच सातवरून आठ झाला की त्याचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं जड पाणी याच बाजूला झुकलेलं. जानेवारीत ज्या टाकीत सहा मासे मजेत राहतील, त्याच टाकीत मे महिन्यात चारही धापा टाकतील. त्यात दुपारी लाइन गेली की पंप बंद. घरापासून जवळच धूर सोडणारं 1350 मेगावॅटचं केंद्र असलं तरी तारेवर झाडाची फांदी पडायची ती पडतेच! तेव्हा मासे किती ठेवायचे हे मे महिन्यातल्या दुपारी, लाइन गेलेली असताना मोजायचं. त्या दोन तासांत जेवढे जगतील तेवढेच आपले.

बाऊलचं तर विचारूच नका. इटलीतल्या मोंझा शहरानं 2004 मध्ये गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी घातली, रोमनं 2005 मध्ये. आपल्याकडेही केंद्र सरकारनं 2017 मध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते, पण ते पुढे मागे घेतले गेले. माझा तो 'छोटासा समुद्र' छापून आला तेव्हा रोममधला कायदा जुना झाला होता. डेस्कवर फायटर ठेवणाऱ्यांसाठी एक टीप: तो वर येऊन हवा गिळू शकतो म्हणून बाऊलमध्ये तग धरतो. तग धरणं आणि राहणं यातला फरक महिनाअखेरीला आपल्याला नीट कळतो, त्यालाही कळत असणार. निदान वीस लिटरची झाकण असलेली टाकी द्या त्याला.

मे संपता संपता मी सुट्टी टाकून नांदगाव पेठला गेले. चार मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होते. आम्ही पहिल्यांदा टाकी खिडकीजवळून हलवली, फ्रीजमधल्या बर्फाची बंद बाटली तरंगत सोडली, बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणला, ड्रममध्ये एक दिवस शिळवलेल्या पाण्यानं रोज थोडं पाणी बदललं. आणि मग त्यांचं करायचं काय, यावर घरात परिषद भरली.

दादाचं मत सोपं होतं. "छत्री तलावात सोडून देऊ ना. खुश राहतील बिचारे." ऐकायला पुण्याचं काम वाटतं, पण हे कधीच करू नका. टाकीतला मासा तलावात एकतर मरतो, नाहीतर माजतो. 'काच साफ करणारा' म्हणून विकतात तो सकर बघा. दुकानात बोटाएवढा, वाढला की दीड फूट, अंगावर चिलखत. लोकांनी कंटाळून पाण्यात सोडलेल्या या परदेशी माशानं पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत मच्छीमारांना बेजार केलंय, आपल्या उजनीतही तो जाळ्यात सापडतो. गोल्डफिशही तळ उकरून पाणी गढूळ करण्यात पटाईत.

शेवटी काकांनीच मार्ग काढला. त्यांच्या ओळखीत शहराबाहेर एका नर्सरीवाल्यांचा सिमेंटचा हौद होता. झाडाखालचा, हजार लिटरच्या वरचा, बाहेर कुठे वाट नसलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही चौघे आणि चार मासे तिकडे गेलो. भाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवी हौदात तरंगत ठेवली, अर्ध्या तासानं उघडली. काळा सगळ्यात आधी गेला.

परतताना मी तिला खरं सांगितलं. कारण खाऊ जास्त झाला हे अगदीच खोटं नव्हतं. न खाल्लेला खाऊ कुजतो आणि त्याचाही अमोनियाच होतो. मी म्हटलं, "तू चिमूटभर खाऊ जास्त टाकलास. मी नऊ मासे जास्त टाकले." तिनं बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे सगळेच?" म्हणाली. हो, सगळेच. मग तिनं घरी आल्यावर दिवाणाखालचा डबा काढून दिला.

पुढचे पाच आठवडे त्या टाकीत मासा नव्हता. फक्त पाणी, चालू फिल्टर आणि रोज चिमूटभर खाऊ. तो कुजून अमोनिया व्हावा आणि जिवाणूंचं पोट भरावं म्हणून! बाजारात अमोनिया मोजायचं किट मिळतं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. हे काम भाचीचं. शाळेच्या जुन्या वहीत तारीख आणि रंग. दर रविवारी मला व्हॉट्सअॅपवर फोटो. हिरवं, गडद हिरवं, हिरवं, पोपटी. आलेगेले विचारत, मासे कुठं गेले? ती सांगे, "आधी जिवाणू राहायले येऊन राह्यले." एका मावशींनी वहिनीला बाजूला घेऊन पोरीची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं म्हणे.

जुलैत रंग पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. मग निवड. गप्पी म्हणजे आपल्या गावोगावच्या भिंतींवरचा 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा'वाला मासा. चिवट, सुंदर, फुकटातसुद्धा मिळतो. पण नर-मादी एकत्र आणले तर महिन्याला एक बाळंतपण आणि एका खेपेला वीस-तीस पिल्लं. 'किती ठेवायचे' हा निर्णय मग तुमच्या हातात राहतच नाही. 'शार्क' म्हणून विकतात तो चंदेरी मासा भाचीला भयंकर आवडला होता. ऑफिस पार्टीत तुम्ही बासाचा टिक्का खाल्ला असेल ना? बहुतेक वेळा तो हाच. मीटरभर वाढतो. तो दोन फुटी टाकीत वळणार कसा?

शेवटी ठरला झेब्रा डॅनिओ. निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा, आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा, त्यामुळे ऊन-पावसाची सवय असलेला. कळपात राहतो, म्हणून निदान सहा हवेत. पूर्ण वाढला की दोन इंच. सहा दुणे बारा. बारा गॅलनला बारा इंच. पृष्ठभागाच्या हिशोबानं तर अजून जागा शिल्लक राहते, पण ती जागा मी मे महिन्यासाठी ठेवली. तीन आधी आणले, तीन आठवड्यांनी उरलेले तीन. वर घट्ट झाकण, कारण हे महाशय उड्या मारतात. फिल्टरही धावता ठेवला. पेटारा काढून टाकला, तेवढंच दोन लिटर पाणी वाढलं.

तुम्हाला नियमांचा कंटाळा असेल तर एक शॉर्टकट आहे. नायट्रेटचंही किट मिळतं. आठवड्याचं पाणी बदलायच्या दिवशी ते 40 पीपीएमच्या वर जात असेल तर मासे जास्त झालेत. मग इंच, गॅलन, काकू, दुकानदार कुणीही काहीही सांगो.

दुसऱ्या खेपेला मी दुकानातून सहावा मासा घेत होते तेव्हा दुकानदारानं ओळखलं. "ताई, बस सहाच? अजून तीन घ्या ना, नऊ होतील." भाचीनं वही उघडून त्याला सगळा हिशोब दाखवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला, मग पिशवीला रबर लावता लावता म्हणाला, "हे सगळ्यायले सांगू नको बापा."

शेजारच्या काकू अजूनही अधूनमधून मासे मोजून जातात. परवा वहिनीनं त्यांना सांगितलं की नऊ ही संख्या देवघरातल्या नवग्रहांनी पूर्ण केलीये. त्यांना ते पटलं बहुतेक.

या रविवारी वहीचा फोटो आला. अमोनिया पिवळा, मासे सहा. खाली एक नवीन ओळ होती. महिन्यापूर्वी जी खरी वनस्पती लावली तिच्यासोबत दोन गोगलगायी आल्या होत्या, त्या आता चौदा झाल्यात. पुढे प्रश्न: "आत्या, या पण मोजायच्या का?"

मी काकांना फोन लावलाय. ते उचलत नाहीयेत.